मुंबईत नोकरी लागली, घर कुठे घ्यायचं? आधी लाइन, मग स्टेशन, मग खोली

मुंबईतल्या नोकरीचं पत्र हातात पडलं की परभणीत काय, जळगावात काय, घरात पहिला प्रश्न एकच: "राहायचं कुठे?" आणि उत्तर बहुतेक वेळा नातेवाइकांवरून ठरतं. कुणाचे मामा बदलापूरला असतात, कुणाची मावशी नालासोपाऱ्याला, कुणाच्या गावचा मुलगा कळव्याला. त्यांच्याच आसपास खोली बघितली जाते. माझंही तसंच झालं. 2016 मध्ये मरोळला नोकरी लागली, ओळखीचं एक कुटुंब बदलापूरला होतं, म्हणून मी बदलापूरला भाड्याने घर घेतलं. अकरा महिन्यांनी ते सोडलं आणि भांडुपला आले. आता गावाकडून कुणी मुंबईला निघालं की आई त्यांना माझा नंबर देते. फोनवर मी त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. मुंबईत आपण गाव किंवा उपनगर निवडत नाही, रेल्वेची लाइन निवडतो. लाइन बरोबर निवडली तर लांबचं घरही निभावतं. लाइन चुकली तर नकाशावर जवळ दिसणारं घर रोज जीव काढतं.

पहिलं काम: ऑफिस नेमकं कुठे आहे?

पत्रावर नुसतं "मुंबई" लिहिलेलं असतं आणि ऑफिस ऐरोलीत निघतं. "अंधेरी" लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ते सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या पुढे असतं, अंधेरी स्टेशनपासून चांगलंच दूर. म्हणून एचआरला फोन करून चार गोष्टी विचाराच. इमारतीचं नाव आणि गेट कुठल्या रस्त्यावर आहे, तिथले लोक कुठल्या स्टेशनला उतरतात, ड्युटीची वेळ काय, आणि आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यावं लागतं. पाचवा प्रश्न फ्रेशर मुलामुलींसाठी आहे: ट्रेनिंग आणि पोस्टिंग एकाच ठिकाणी आहे का? पहिले तीन महिने पवईत आणि नंतर कायमचं घणसोलीत, असं होऊ शकतं. तसं असेल तर ट्रेनिंग संपेपर्यंत घराचा करार करायचाच नाही.

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. तिथे आधीपासून काम करणारे लोक रोज कसे येतात, हे कुठलंही अॅप सांगू शकत नाही. शक्य असेल तर एचआरऐवजी टीममधल्या कुणाशी तरी बोला.

दुसरं काम: लाइन समजून घ्या

पश्चिम रेल्वे, म्हणजे वेस्टर्न, चर्चगेटहून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली करत विरारला जाते. हे अंतर 60 किलोमीटर आहे. त्यापुढे डहाणूपर्यंत लोकल जातात, पण संख्येने खूपच कमी. मध्य रेल्वे, म्हणजे सेंट्रल, सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली करत कल्याणला पोचते. कल्याणला तिला दोन फाटे फुटतात. एक टिटवाळा-आसनगावकडून कसाऱ्याला जातो, दुसरा अंबरनाथ-बदलापूरकडून कर्जत-खोपोलीला. हार्बर सीएसएमटीहून निघते आणि वडाळ्याला फुटते. एक बाजू कुर्ला, मानखुर्द, वाशी, बेलापूर करत पनवेलला जाते, दुसरी वांद्रे-अंधेरीवरून गोरेगावला. आणि ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणेमार्गे वाशी-पनवेलकडे जाते ती ट्रान्स-हार्बर. जानेवारी 2024 पासून नेरूळ-बेलापूरहून उरणपर्यंतही लोकल सुरू झाली आहे.

या लाइनी मुख्यतः उत्तर-दक्षिण धावतात. मुंबईचा खरा त्रास पूर्व-पश्चिम आडवं जाण्यात आहे. मुलुंडला राहून गोरेगावला नोकरी करायची म्हटलं तर नकाशावर मध्ये फक्त राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो, पण जायचं कसं? एक तर दादरला जाऊन वेस्टर्न पकडायची, नाही तर घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी आणि तिथून पुन्हा लोकल. नाही तर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये बसायचं. म्हणून पहिला नियम: ऑफिस ज्या लाइनवर आहे, घर त्याच लाइनवर. ते जमतच नसेल तर एकच बदल, तोही मेट्रोचा असला तर उत्तम.

मेट्रोने आडव्या प्रवासाचं गणित खरंच बदललं आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो जून 2014 मध्ये सुरू झाली. 12 स्टेशनं आणि साडेअकरा किलोमीटरच्या आतलं अंतर, पण सेंट्रलच्या माणसाला अंधेरी तिच्यामुळे जवळ आली. दहिसर ते अंधेरी अशा दोन मेट्रो आहेत, पश्चिमेकडून 2अ आणि पूर्वेकडून 7. दोन्ही जानेवारी 2023 पासून पूर्ण धावत आहेत. आणि भुयारी मेट्रो 3, आरेपासून सीप्झ, मरोळ नाका, विमानतळ, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), दादर, वरळी, सीएसएमटी, चर्चगेट करत कफ परेडपर्यंत, ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण खुली आहे. 2016 मध्ये ही मेट्रो नव्हती. तुम्हाला सल्ला देणारे मामा दहा वर्षांपूर्वीच्या मुंबईवरून बोलत असतील तर त्यांना हे माहीत आहे का ते बघा.

ऑफिसच्या भागाप्रमाणे कुठे बघावं

फोर्ट, मंत्रालय, चर्चगेट, नरिमन पॉइंट इथे नोकरी असेल तर निवड सगळ्यात मोकळी आहे. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर, तिन्ही लाइनी तिथेच संपतात. संध्याकाळी गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळण्याची आशा तरी असते.

परळ, लोअर परळ, प्रभादेवी हा भागही सोयीचा आहे. सेंट्रलचं परळ आणि वेस्टर्नचं प्रभादेवी एका पुलाने जोडलेलं आहे, करी रोड आणि लोअर परळ हे अंतर चालत जाण्यासारखं आहे. म्हणजे दोन्ही लाइनींवरचं घर चालतं. फक्त सेंट्रलची फास्ट, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी गाडी परळ आणि करी रोडला थांबत नाही. दादरला उतरून सगळीकडे थांबणारी स्लो पकडायची किंवा आधीपासूनच स्लोने यायचं, हे हिशेबात धरा.

बीकेसीसाठी पूर्वी वांद्रे पूर्व किंवा कुर्ला पश्चिमेला उतरून 310 नंबरची बस किंवा शेअर रिक्षा असायची. ती आजही आहे, आणि पावसाळ्यात तिची रांगही तशीच आहे. आता मेट्रो 3 चं बीकेसी स्टेशन असल्यामुळे मरोळ नाका, सीप्झ, दादर या बाजूंनीही विचार करता येतो. तरी स्टेशनपासून तुमची इमारत किती लांब ते बघा, कारण बीकेसी चांगलंच पसरलेलं आहे.

मरोळ, साकीनाका, चकाला, सीप्झ: वेस्टर्नवर अंधेरी ते बोरिवली, नाही तर सेंट्रलवर घाटकोपर ते मुलुंड. पवई: कांजूरमार्ग किंवा विक्रोळीला उतरून बस-रिक्षा. पवईसाठी अंधेरीकडून यायचं टाळा, तो रस्ता तुंबलेला असतो. मालाड, गोरेगाव: फक्त वेस्टर्न, इथे सेंट्रलचा हट्ट धरू नका. ऐरोली, घणसोली, महापे, तुर्भे: ठाणे, कळवा, कोपरखैरणे, किंवा ऐरोलीच. ठाणे वागळे इस्टेट: ठाण्यापुढचं काहीही, पण घोडबंदर रोडवर घर घेताना सकाळी नऊला त्या रस्त्यावरून एकदा येऊन बघाच.

ऐरोली-घणसोलीला नोकरी लागलेल्या डोंबिवली-कल्याणच्या मुलांनी ठाणे स्टेशनचा हिशेब वेगळा करावा. ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्याला 9 आणि 10 नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून सुटते. गर्दीच्या वेळी सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मवरून पुलावर चढून तिथे पोचायलाच पाच-सात मिनिटं जातात आणि समोरची गाडी डोळ्यांदेखत सुटते.

दाराच्या कडीपासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत

मी बदलापूरचं घर रविवारी दुपारी बघितलं. लोकल रिकामी होती, खिडकीत बसून आले. एजंट म्हणाला, "मॅडम, घाटकोपर एक तास, तिथून मेट्रो दहा मिनिटं. सव्वा तासात ऑफिस." खोली मोठी, हवेशीर, खिडकीतून डोंगर दिसत होता, भाडं सहा हजार. मी तिथल्या तिथे टोकन दिलं.

सोमवारचा हिशेब असा निघाला. घरातून खाली उतरून शेअर रिक्षाची रांग आणि स्टेशन, पंधरा मिनिटं. प्लॅटफॉर्मवर दहा. गाडी एक तास पाच, तीही उभ्याने, कारण बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत अंबरनाथहून उलट्या दिशेने बसून आलेल्या बायका आधीच असतात. याला "रिटर्न येणं" म्हणतात. घाटकोपरला उतरून मेट्रोचा पूल, तपासणी, रांग, पंधरा. मेट्रो दहा. मरोळ नाक्याहून चालत दहा. सव्वादोन तासांना दहाच मिनिटं कमी, आणि संध्याकाळी तेवढंच परत.

घाटकोपरचा तो पूल माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. लोकलमधून उतरलं की पाय आपोआप पुढे सरकतात, कारण मागून लोक येतच असतात. जिन्यावर कुणी थांबत नाही, थांबताच येत नाही. एकदा माझ्या पुढच्या बाईच्या चपलेचा पट्टा तुटला. ती वाकली नाही. चप्पल पायाने तशीच ओढत वर नेली आणि पुलाच्या कठड्याला टेकून मग हातात घेतली. मेट्रोच्या तपासणीच्या रांगेत ती अनवाणी उभी होती.

तेव्हा घर बघताना "स्टेशनपासून किती किलोमीटर" हा प्रश्न सोडा. कागदावर सात ओळी लिहा: घर ते स्टेशन, रिक्षाची किंवा बसची रांग, गाडीची वाट, गाडीतला वेळ, बदलाचा पूल, दुसरं वाहन, आणि शेवटचं चालणं. प्रत्येकापुढे मिनिटं लिहा आणि बेरीज करा. ही बेरीज एका बाजूला सव्वा तासाच्या आत असेल तर तब्येत टिकते असा माझा अनुभव आहे. दीड तासापर्यंत तरुणपणी निभावतं. दोन तासांवर गेलं की स्वयंपाक, झोप, आई-वडिलांशी फोनवर चार शब्द, यातलं काहीतरी रोज सुटतं.

अॅपवरच्या वेळेवर विसंबू नका. एम-इंडिकेटर मुंबईत सगळे वापरतात आणि वेळापत्रकासाठी ते चांगलंच आहे. पण 8.12 ची गाडी आहे एवढंच ते सांगतं. त्या गाडीत तुम्हाला चढता येईल का, हे त्यात लिहिलेलं नसतं.

तिसरं काम: स्टेशन निवडताना गाडी कुठून सुटते ते बघा

नवीन माणसाला वाटतं, शहराच्या जितकं जवळ तितकं बरं. लोकलच्या बाबतीत ते नेहमी खरं नसतं. मधल्या स्टेशनवर गाडी येते तेव्हा ती आधीच भरलेली असते. विरार फास्टमध्ये सकाळी बोरिवलीला चढणं नवख्याला जवळजवळ अशक्य, आणि संध्याकाळी विरार फास्टमध्ये बसून बोरिवलीला उतरायला गेलात तर दारातले लोक उतरूही देत नाहीत, वर बोलणी खावी लागतात. बोरिवलीच्या माणसाने बोरिवली लोकल पकडावी, ठाण्याच्या माणसाने ठाणे लोकल. हा नियम कुठेही छापलेला नाही, पण सगळे पाळतात.

म्हणून जिथून लोकल सुटते अशी स्टेशनं आधी बघा. वेस्टर्नवर बोरिवली, अंधेरी, गोरेगाव, विरार. सेंट्रलवर ठाणे, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा. हार्बरवर पनवेल, बेलापूर, वाशी. त्याखालोखाल अशी स्टेशनं, जी सुटणाऱ्या स्टेशनच्या लगेच पुढे आहेत. मुलुंड, नाहूर, भांडुप ही मला त्यासाठीच आवडतात. ठाण्याहून सुटलेली स्लो तिथे येते तेव्हा डब्यात पाय ठेवायला जागा असते.

सगळ्यात अवघड अवस्था दिवा, मुंब्रा, कळवा पट्ट्याची आहे. घरं स्वस्त आहेत, अंतर कमी आहे, आणि म्हणूनच नवीन माणूस तिकडे ओढला जातो. पण फास्ट गाड्या मुंब्रा-कळव्याला थांबत नाहीत, दिव्याला मोजक्याच थांबतात, आणि ज्या थांबतात त्या कल्याण-डोंबिवलीहून खच्चून भरून आलेल्या असतात. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. तुमची नोकरी ऐरोली-ठाण्याची असेल तर कळवा चांगलं आहे. नोकरी दादरच्या पलीकडची असेल तर पहिल्या वर्षी या पट्ट्यात घर घेऊ नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. दारात लटकून जायची वेळ येईल असं घर कितीही स्वस्त असलं तरी नको.

कल्याणच्या पुढचं आणखी एक. कल्याण ते बदलापूर या भागात येण्या-जाण्याच्या मिळून दोनच लाइनी आहेत आणि त्यांवरूनच मेल-एक्सप्रेसही जातात. एक मालगाडी बिघडली की मागचं सगळं थांबतं. विरारच्या पुढे डहाणूकडेही तसंच आहे. वांगणी, नेरळ, पालघर, बोईसरच्या नवीन प्रकल्पांच्या जाहिरातीत "स्टेशनपासून पाच मिनिटं" लिहिलेलं असतं. तासाला त्या स्टेशनवर किती लोकल येतात हे मात्र त्यात नसतं. ते तुम्ही वेळापत्रकात बघा आणि सकाळी सात ते नऊमधल्या गाड्या बोटावर मोजा.

शिफ्ट ड्युटी असेल तर अजून दोन गोष्टी. रात्री साधारण एक ते पहाटे चार लोकल नसतात. आणि रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास काही मार्गांवर गाड्या बंद किंवा वळवलेल्या. रविवारी ड्युटी लागणाऱ्या नर्स, हॉटेलातले कर्मचारी, सुरक्षारक्षक यांनी एका लाइनवर पूर्ण अवलंबून राहावं लागेल असं घर टाळावं. बसचा किंवा मेट्रोचा दुसरा रस्ता हवाच.

पावसाळा धरूनच बघा

जून ते सप्टेंबर हे चार महिने वेगळे असतात. सेंट्रलवर सायन, कुर्ला, माटुंगा, वेस्टर्नवर वसई-नालासोपारा, या भागांत जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की रुळांवर पाणी येतं. उल्हास नदीच्या काठचं बदलापूर-वांगणीही तसंच. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस त्याच भागात पुराच्या पाण्यात अडकली होती. तळमजल्याची खोली स्वस्त मिळत असेल तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, "मागच्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं?" एजंट सांगणार नाही, दुकानदार हाताने भिंतीवर खूण दाखवतो.

भाड्याचा खरा हिशेब

बदलापूरला माझं भाडं 6,000 होतं, भांडुपला एका खोलीचं 12,500. फरक 6,500. आईला हे कळलं तेव्हा ती फोनवर गप्प झाली. मग मी तिला पूर्ण हिशेब लिहून पाठवला. बदलापूरची शेअर रिक्षा महिन्याला 480. पासातला फरक शंभर-सव्वाशे. दमून घरी गेल्यावर बाहेरून मागवलेलं जेवण निदान चारशे. म्हणजे हजारभर तिकडे जातच होते आणि खरा फरक 5,500 उरत होता. त्या बदल्यात रोजचे दोन तास वाचले, महिन्याचे 24 दिवस धरले तर 48 तास. तासाला साधारण 115 रुपये. माझ्या पगारात तो तास मला त्याहून महाग होता. त्या वेळात मी एक सर्टिफिकेट कोर्स केला आणि पुढची नोकरी त्यावर लागली.

तुमचा आकडा वेगळा येईल. घरी पैसे पाठवायचे असतील, शिक्षणाचं कर्ज असेल, तर लांबचं स्वस्त घर हाच बरोबर निर्णय असू शकतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस असेल तरीही लांबचं घर परवडतं. फक्त हिशेब मांडून निर्णय घ्या, नुसतं भाडं बघून नको. लोकलचा पास मात्र चिंतेचा विषय नाही. चर्चगेट-विरार सेकंड क्लासचा महिन्याचा पास तीनशे-सव्वातीनशेच्या घरात आहे, तीन महिन्यांचा काढला तर आणखी स्वस्त पडतो. फर्स्ट क्लासचा पास त्याच्या तिपटीहून महाग, आणि गर्दी तिथेही असते. एसी लोकलचा पास वेगळा, साध्या पासावर त्यात चढता येत नाही.

टोकन देण्याआधी

पहिले पंधरा दिवस ते महिना कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन, किंवा पीजीत राहा. नातेवाइकांकडे राहिलात तरी चालेल, पण तो काळ घर शोधण्यासाठीच आहे हे त्यांना आधी सांगा. सामान गावाहून आणू नका.

मग जे घर आवडलं त्याच्यासाठी कामाच्या दिवशी, सकाळी तुमच्याच वेळेला, त्या इमारतीच्या दारातून निघून ऑफिसच्या गेटपर्यंत या. संध्याकाळी ऑफिसच्या गेटपासून त्या दारापर्यंत जा. सुट्टी काढावी लागली तरी काढा. भांडुपचं घर मी असंच निवडलं. लेडीज डब्यात रोज भेटणाऱ्या एका काकूंनी मला सांगितलं होतं, "रविवारी घर बघायचं नाही गं. मंगळवारी रात्री नऊला बघ. स्टेशनबाहेर दिवे आहेत का, रिक्षावाले येतात का, गल्लीत कोण उभं असतं, सगळं दिसतं." एकटं राहणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे शब्द तसेच्या तसे सांगते. स्टेशनच्या पूर्वेला आणि पश्चिमेला जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो फक्त रात्री कळतो.

गावी जायची गाडी कुठे थांबते तेही बघा. मराठवाडा, विदर्भ, खानदेशाकडच्या बहुतेक गाड्या दादर, ठाणे, कल्याणला मिळतात. कोकणातल्यांना ठाणे-पनवेल सोयीचं पडतं. गणपतीत तीन बॅगा घेऊन निघाल्यावर याची किंमत कळते.

नवरा-बायको दोघांच्या नोकऱ्या वेगवेगळ्या लाइनवर असतील तर जिथे लाइनी भेटतात ती स्टेशनं बघा: दादर, कुर्ला, घाटकोपर, अंधेरी, ठाणे. लहान मूल असेल तर मुलाला शाळेतून आणणाऱ्या माणसाचा प्रवास छोटा ठेवा, दुसऱ्याचा लांबला तरी चालेल. घरात आजारपण आलं की हाच निर्णय उपयोगी पडतो.

करार आणि पाणी

मुंबईत घर बहुतेक वेळा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मिळतं. हा करार नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते. "नोटरी करू, तेवढं पुरे" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. नोंदवलेल्या करारावर बँकेचा पत्ता बदलतो, गॅस मिळतो, मुलांचा शाळाप्रवेश होतो. भाडेकरूची पोलिसांकडे माहिती द्यावी लागते, तीही ऑनलाइन होते. ती पावती जपून ठेवा, सोसायटी मागते.

डिपॉझिट काही महिन्यांच्या भाड्याएवढं आणि एजंटची दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी, असं धरून पैसे तयार ठेवा. करारात लॉक-इन, म्हणजे घर मध्येच सोडता न येणारा काळ, किती महिन्यांचा आहे ते वाचा. नवीन माणसाने तीन महिन्यांपेक्षा जास्त लॉक-इन मान्य करू नये, कारण पोस्टिंग बदलू शकतं. माझ्या बदलापूरच्या करारात तो पूर्ण अकरा महिन्यांचा होता आणि मी वाचला नव्हता. चौथ्या महिन्यात सोडायचं ठरवलं तेव्हा डिपॉझिट बुडेल म्हणून तिथेच राहावं लागलं. भिंतींचे, नळांचे, पंख्यांचे फोटो पहिल्या दिवशी काढून घरमालकाला पाठवून ठेवा.

पाण्याची वेळ विचारा. "चोवीस तास पाणी" म्हणजे टाकीतून चोवीस तास की नळाला, आणि उन्हाळ्यात टँकर येतो का, त्याचे पैसे कोण देतं, हे वॉचमनला विचारा. पाणी सकाळी सहा ते सात येत असेल आणि तुमची गाडी 6.40 ची असेल तर ते घर तुमचं नाही. मुंबई शहराबाहेर, कल्याण-बदलापूर-वसई पट्ट्यात वीज महावितरणची आहे. घरून काम असेल तर लाइट किती वेळा जाते ते शेजाऱ्यांकडून कळतं.

पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका. गावाकडून "भाडं फुकट जातंय" असा आग्रह होईल. एक पावसाळा, एक दिवाळी आणि ऑफिसमधला एक फेरबदल जाऊ द्या, मग बघा.

राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात

पास काढताना वाटेत बदल असेल तर "व्हाया" कुठून ते नीट बघा, नाही तर तपासनीसाच्या समोर वाद होतो. रेलवन अॅपवर मोबाइलमध्येच पास निघतो. पहिल्या चार दिवसांत तुमच्या ठरलेल्या गाडीच्या आधीची आणि नंतरची गाडी पण पकडून बघा. दहा मिनिटांनी डब्यातली गर्दी किती बदलते ते कळेल. उतरायच्या स्टेशनला जिना कुठल्या डब्यासमोर येतो ते लक्षात ठेवा आणि चढताना तिथेच उभे राहा. आणि रोज एकाच डब्यात चढा. दोन आठवड्यांत चेहरे ओळखीचे होतात, कुणीतरी बॅग मांडीवर घेतं, उतरणारी बाई आपली जागा डोळ्यांनी दाखवते. मला भांडुपची खोली त्याच डब्यात कळली होती.